‘विक्रांत’चे वैमानिक



ज्युबिली म्हणजे स्मरणाचा काळ. जे आपल्या आधीं होऊन गेले, ज्यांच्या श्रमांवर आपली आजची स्वस्थता उभी आहे, त्यांची आठवण करण्यासाठींच असले महोत्सव असतात. प्रस्तुत लेखाचा विषय आपल्या देवळाच्या इतिहासाबाहेरचा आहे. तथापि रत्नागिरीच्या माणसाला तो परका वाटूं नये, कारण तो समुद्राचा विषय आहे.

या किनाऱ्यानें पूर्वापार समुद्राला माणसें दिलीं. कान्होजी आंग्रे यांच्या गुराबांवर व गलबतांवर कोंकणचेच खलाशी होते. पुढें इंग्रजी अमदानींत रॉयल इंडियन नेव्हीची भरती ज्या प्रदेशांतून होत असे, त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा क्रम फार वरचा होता. व्यापारी आगबोटींवर सारंग, टंडेल व आगवाले या नात्यानें आमच्या गांवोगांवच्या पुरुषांनीं पिढ्यानुपिढ्या जग पाहिलें. नौदलाचें नांव काढलें कीं येथील घरांत कोणातरी आजोबांची, मामांची किंवा शेजाऱ्याची आठवण निघते.

परंतु नौदलांत खलाशी असतात हें जसें सर्वांस ठाऊक आहे, तसें नौदलांत वैमानिकही असतात हें पुष्कळांस ठाऊक नसतें. विमान म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें वायुदल येतें. वास्तविक पाहतां आपल्या देशाच्या युद्धेतिहासांत नौदलाच्या लढाऊ वैमानिकांचें एक स्वतंत्र प्रकरण आहे. तें लहान आहे, थोड्या माणसांचें आहे, आणि त्यांतील मुख्य घटना डिसेंबर १९७१ च्या अवघ्या कांहीं दिवसांत घडली. तें प्रकरण सांगतांना वैमानिकाच्या कीर्तीमागें किती अनाम हात असतात, हेंही आपोआप सांगितलें जाईल. किंबहुना तेंच सांगण्यासाठीं हा लेख लिहिला आहे.

नौदलाचा वैमानिक म्हणजे कोण?

नौदलाचा वैमानिक हा आधीं दर्यावर्दी असतो आणि मग वैमानिक होतो. जहाजावर राहणें, रात्रीचा पहारा करणें, वारा व लाटा ओळखणें, हें सर्व तो प्रथम शिकतो. त्यानंतर तो विमानविद्येकडे वळतो. भूमीवरील धावपट्टीवरून विमान चालवितां येऊं लागलें कीं त्याची खरी परीक्षा सुरू होते. कारण त्याला ज्या धावपट्टीवर उतरावयाचें असतें, ती धावपट्टी समुद्रावर तरंगत असते, पुढें चालत असते, आणि लाटांबरोबर वरखालींही होत असते.

भूमीवर जेट विमानाला मैल-दीड मैल लांबीची धावपट्टी मिळते. ‘विक्रांत’ या आपल्या पहिल्या विमानवाहू नौकेची एकंदर लांबी सुमारें ७०० फूट होती, आणि त्यांतील सर्व भागही विमानाला मिळत नसे. एवढ्याशा जागेवरून जड विमान उडावयाचें तर त्याला दोन साह्यें लागतात. पहिलें साह्य वाऱ्याचें. विमानें सोडतांना नौका आपलें तोंड वाऱ्याकडे वळविते व वेगानें पुढें जाते. म्हणजे समोरून येणारा वारा आणि नौकेचा स्वतःचा वेग, या दोहोंची बेरीज विमानाच्या पंखांखालीं मिळते. दुसरें साह्य वाफेचें. डेकखालीं कॅटापुल्ट नांवाचें यंत्र असतें. गोफणींतून दगड फेंकावा, त्याप्रमाणें तें वाफेच्या जोरावर विमानाला कांहीं क्षणांत आकाशांत फेंकून देतें.

उतरणें त्याहूनही कठीण. विमानाच्या शेपटीखालीं एक पोलादी आंकडा असतो, आणि डेकवर आडव्या तारा ताणलेल्या असतात. उतरतांना त्या आंकड्यानें एखादी तार पकडली पाहिजे. आपण योग्य उंचीवरून येत आहों किंवा नाहीं, हें वैमानिकाला डेकच्या कडेला बसविलेल्या आरशांतील प्रकाशाच्या ठिपक्यावरून कळतें. ठिपका बाजूच्या दिव्यांच्या रांगेंत दिसला तर मार्ग बरोबर. वर दिसला तर विमान फार उंच, खालीं दिसला तर फार नीच. आणि यांत एक विलक्षण नियम आहे : डेकला चाकें टेकतांच वैमानिक इंजिन मंद करीत नाहीं, तर पूर्ण जोरानें चालवितो. कारण आंकड्याला तार सांपडली नाहीं, तर त्याच क्षणीं पुन्हा आकाशांत चढावें लागतें. न चढल्यास पुढें समुद्र असतो. थांबण्यासाठीं आलेल्या मनुष्यानें निघून जाण्याची पूर्ण तयारी ठेवावी, असा हा धडा आहे.

आरंभ

स्वातंत्र्यानंतर अल्पावधींतच नौदलानें आपले कांहीं तरुण अधिकारी विमानविद्या शिकण्यासाठीं पाठविण्यास आरंभ केला. ११ मे १९५३ रोजीं कोचीन येथें ‘गरुड’ नांवाचें नौदलाचें पहिलें विमानकेंद्र सुरू झालें. परंतु विमानवाहू नौकेवांचून हें सर्व शिक्षण अपुरेंच होतें. जानेवारी १९५७ मध्यें भारतानें ब्रिटनकडून एक अर्धवट बांधलेली नौका विकत घेतली. तिचें नांव ‘हर्क्युलीस’. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सप्टेंबर १९४५ मध्यें, ती पाण्यांत सोडली गेली होती. पण युद्ध संपल्यामुळें तिचें काम अर्ध्यावरच राहिलें होतें. बेलफास्ट येथील कारखान्यांत ती पूर्ण करण्यांत आली, आणि ४ मार्च १९६१ रोजीं श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्तें ‘विक्रांत’ या नांवानें आपल्या नौदलांत दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महेंद्रू हे तिचे पहिले कप्तान होत.

तिच्यासाठीं सी-हॉक जातीचीं जेट विमानें घेण्यांत आलीं. हें विमान एका इंजिनाचें व एकाच माणसाचें असे; त्याला २० मिलिमीटरच्या चार तोफा असत, बाँब व अग्निबाणही नेतां येत, आणि नौकेच्या पोटांत जागा पुरावी म्हणून त्याचे पंख वर दुमडतां येत. या विमानांचें पथक, म्हणजे नौदलाचें ३०० वें स्क्वॉड्रन, जुलै १९६० मध्यें वेल्समधील ब्रॉडी येथील विमानतळावर स्थापन झालें. ‘श्वेत व्याघ्र’ हें त्याचें बोधचिन्ह. १८ मे १९६१ रोजीं लेफ्टनंट राधाकृष्ण हरिराम ताहिलियानी यांनीं आपलें विमान ‘विक्रांत’च्या डेकवर उतरविलें. त्या नौकेवर उतरलेले ते पहिले भारतीय वैमानिक. ३ नोव्हेंबर १९६१ रोजीं नौका मुंबई बंदरांत आली, तेव्हां पंतप्रधान पंडित नेहरू तिच्या स्वागतास हजर होते.

पुढच्याच महिन्यांत गोवामुक्तीची मोहीम झाली. ‘विक्रांत’ त्या वेळीं किनाऱ्यापासून दूर पहारा करीत होती. तिच्या विमानांस हल्ला करण्याचा प्रसंग आला नाहीं. १९६४ मध्यें नौदलाचें ‘हंस’ हें विमानकेंद्र कोइमतूरजवळील सुलूर येथून गोव्यांत दाभोळीस आलें, आणि तेव्हांपासून सी-हॉक विमानांचें बिऱ्हाड आपल्या रत्नागिरीच्या शेजारींच झालें.

न लढल्याचें दुःख

१९६५ च्या सप्टेंबरांत पाकिस्तानशीं युद्ध पेटलें, तेव्हां ‘विक्रांत’ मुंबईच्या गोदींत दुरुस्तीसाठीं उभी होती. ती समुद्रावर जाऊं शकली नाहीं. ज्या वैमानिकांनीं वर्षानुवर्षें याच एका प्रसंगासाठीं अभ्यास केला होता, त्यांस युद्ध संपेपर्यंत त्या डेकवरून उडतां आलें नाहीं. एवढा खर्च करून आणलेली नौका युद्धाच्या वेळीं गोदींत बसून राहिली, असा बोल लोकांनीं लावला. यांत वैमानिकांचा कांहीं दोष नव्हता. तथापि दोष नसतांना ऐकावा लागलेला बोल मनुष्याला अधिक लागतो.

पुढें तर याहून कठीण प्रसंग ओढवला. जून १९७० मध्यें मुंबईच्या गोदींत ‘विक्रांत’ची तपासणी झाली, तेव्हां तिच्या बॉयलरांच्या पाण्याच्या टाक्यांस आंतून पुष्कळ बारीक तडे गेलेले आढळले. ते जोडकाम करून बुजविण्यासारखे नव्हते. नवीन टाक्या ब्रिटनमधून मागवाव्या लागणार होत्या, आणि त्या येईपर्यंत बॉयलर पेटवूं नयेत असा हुकूम सुटला. नौका कित्येक महिने थंड पडून राहिली.

वाचकांनीं येथें थोडें थांबून विचार करावा. बॉयलर बिघडला म्हणजे केवळ नौकेचा वेग कमी झाला असें नव्हे. नौका चालविणारी वाफ त्याच बॉयलरांतून येते, आणि विमान फेंकणाऱ्या कॅटापुल्टची वाफही तेथूनच येते. वेग कमी म्हणजे पंखांखालचा वारा कमी. वाफेचा दाब कमी म्हणजे फेंकण्याचा जोर कमी. आकाशांत झेपावणाऱ्या वैमानिकाचे प्राण असे डेकच्या खालीं, नौकेच्या तळाशीं, अग्नीजवळ बांधलेले असतात.

निर्णय

१९७१ च्या मार्च महिन्यानंतर पूर्व पाकिस्तानांत, म्हणजे आजच्या बांगला देशांत, जो अत्याचार झाला त्याचा विस्तार येथें करीत नाहीं. सुमारें एक कोटी निर्वासित सीमा ओलांडून भारतांत आले. युद्ध अटळ आहे हें हळूहळू स्पष्ट होऊं लागलें, आणि नौदलाच्या मुख्य कचेरींत प्रश्न उभा राहिला : अशा दुखणाईत नौकेला युद्धावर न्यावें कीं नाहीं?

दोन्ही पक्ष विचार करण्यासारखे होते. नौकेवर हजाराहून अधिक माणसें असत. बॉयलर फुटला तर पहिले बळी आगवाल्यांचे. मंद चालणारी एवढी मोठी नौका म्हणजे शत्रूच्या पाणबुडीला सोपें लक्ष्य. आणि पाकिस्तानपाशीं उत्तम पाणबुड्या होत्या. उलट पक्षीं, या वेळींही ‘विक्रांत’ बंदरांतच राहिली, तर नौदलाच्या वैमानिक शाखेचा शेवट झाला असेंच समजावें लागलें असतें, आणि पूर्वेकडील समुद्राची नाकेबंदी करण्यास दुसरें तितकें समर्थ साधन नव्हतें. नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा व फ्लीट ऑपरेशन्स ऑफिसर कॅप्टन गुलाब मोहनलाल हिरानंदानी यांचें मत नौका न्यावी असें पडलें.

पण तें मत डोळे झांकून दिलेलें नव्हतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. वाफेचा दाब कमी ठेवावा असें ठरलें. जून महिन्यांत खोल समुद्रांत दीर्घ चाचण्या घेण्यांत आल्या. जे तीन बॉयलर चालूं शकत होते त्यांस बाहेरून पोलादी पट्ट्यांचे वेढे घालण्यांत आले, आणि वाफ कोठून निसटते कीं काय हें पाहण्यासाठीं निरीक्षणाच्या खिडक्या बसविण्यांत आल्या. अखेर १४ नॉट, म्हणजे ताशीं सुमारें २६ किलोमीटर, एवढ्या वेगाची मर्यादा घालून नौकेस युद्धाची परवानगी मिळाली. मूळ रचनेप्रमाणें तिचा वेग २४ नॉटांच्या वर होता. धाडस आणि अविचार यांतील भेद तो हाच. अविचारी मनुष्य आपलें वैगुण्य झांकतो. धाडसी मनुष्य तें मोजतो, त्याला वेढे घालतो, आणि मग पुढें पाऊल टाकतो.

बंगालच्या उपसागरांत

‘विक्रांत’ पूर्वेकडील ताफ्यांत गेली. तिचे कप्तान होते कॅप्टन स्वराज प्रकाश. ‘ब्रह्मपुत्रा’ व ‘बियास’ या फ्रिगेटी, ‘कामोर्ता’ व ‘कवरत्ती’ या लहान युद्धनौका तिच्या सोबतीस होत्या. ‘कामोर्ता’वर मराठी मनुष्य होता : मनोहर प्रल्हाद आवटी. नाकेबंदीच्या कामगिरीबद्दल त्यांस पुढें वीरचक्र मिळालें. ते व्हाइस ॲडमिरल होऊन निवृत्त झाले, व सातारा जिल्ह्यांत फलटणजवळ विंचुर्णी येथें २०१८ मध्यें वारले.

पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रांत’च्याच शोधांत नोव्हेंबरमध्यें कराचीहून निघाली होती. नौका तर अंदमानच्या एका निवांत उपसागरांत लपून होती. पण ती विशाखापट्टणमलाच आहे असा शत्रूचा समज व्हावा म्हणून पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन्. कृष्णन् यांनीं तेथें मोठ्या नौकेस पुरेल एवढ्या धान्याची व भाजीपाल्याची मागणी नोंदविली. ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्रीं ‘गाझी’ला विशाखापट्टणमच्या समोर जलसमाधि मिळाली. आपल्या ‘राजपूत’ या विनाशिकेनें ती बुडविली असें भारताचें म्हणणें. पाणबुडीच्या पोटांतच स्फोट झाला असें पाकिस्तानचें म्हणणें. तिच्यावरील एकही मनुष्य वांचला नाहीं. ते शत्रु होते, तरी तेही कोणाचे पुत्र व कोणाचे पिते होते. त्यांच्या मरणाचा आनंद करणें आपल्यास शोभणार नाहीं.

४ डिसेंबर १९७१ रोजीं आठ सी-हॉक विमानें ‘विक्रांत’वरून उडालीं. कॉक्स बाजारचा विमानतळ त्या वेळीं सुमारें ६० सागरी मैलांवर होता. त्यावर त्यांनीं हल्ला केला. त्याच दिवशीं उत्तरार्धांत चितगाव बंदरावर हल्ला झाला. दहा वर्षें जें नुसतें शिकण्यांत गेलें होतें, तें त्या एका दिवशीं कृतींत उतरलें.

पथकाचे प्रमुख होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता. त्यांनीं या युद्धांत स्वतः पुढें राहून अकरा हल्ल्यांचें नेतृत्व केलें. बंदरांभोवतीं विमानविरोधी तोफा होत्या, आणि त्यांच्या माऱ्यांतूनच खालीं यावें लागे. सी-हॉक त्या काळांतही जुनें झालेलें विमान होतें. ध्वनीच्या वेगापेक्षां त्याचा वेग कमी, आणि इंजिन एकच. भूमीवर लढणाऱ्या वैमानिकाचें इंजिन बंद पडलें तर त्याला निदान कोठेंतरी शेत किंवा माळ दिसतो. नौदलाच्या वैमानिकाच्या खालीं परतीच्या वाटेवर पाण्यावांचून कांहीं नसतें. आणि ज्या ठिकाणाहून तो उडाला, तें ठिकाण तो परत येईपर्यंत कांहीं मैल सरकलेलें असतें. तें शोधून काढावें लागतें. सांपडल्यावर पुन्हा आरसा, ठिपका, आंकडा आणि तार!

खुलना व मोंगला येथील बंदरांवरही हल्ले झाले. सी-हॉक दिवसा उडत; रात्रीचा भार ‘आलिझे’ या दुसऱ्या जातीच्या विमानांनीं उचलला. १४ डिसेंबर रोजीं सी-हॉकांनीं चितगावच्या लष्करी छावणीवर हल्ला केला. तोंपर्यंत नौकेवरील इंधन चतुर्थांशाहूनही कमी उरलें होतें, म्हणून ती ओरिसांतील पारादीप बंदराकडे वळली. १६ डिसेंबर रोजीं ढाक्यास पाकिस्तानी सैन्यानें शरणागति पत्करली. या सर्व मोहिमेंत ‘विक्रांत’चें एकही सी-हॉक विमान गमावलें गेलें नाहीं. जितकीं उडालीं तितकीं परत आलीं.

कॅप्टन स्वराज प्रकाश व लेफ्टनंट कमांडर गुप्ता यांस महावीरचक्र मिळालें; नौकेवरील आणखी बारा जणांस वीरचक्र मिळालें. सहा वर्षांपूर्वींचा तो बोल कायमचा पुसला गेला.

हानीची बाजू

विजयाच्या वर्णनांत हानीचा उल्लेख वगळणें हें प्रामाणिक इतिहासाला धरून होणार नाहीं. पूर्वेकडे सर्व विमानें परतत होतीं, त्याच दिवसांत पश्चिमेकडे अरबी समुद्रानें, म्हणजे आपल्याच समुद्रानें, फार मोठा घांस घेतला. ९ डिसेंबरच्या रात्रीं दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाणबुडीच्या टॉर्पेडोनें बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी तिच्याबरोबर गेले. दुसऱ्या दिवशीं, १० डिसेंबरला, लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय यांचें आलिझे विमान समुद्रावर गस्त घालीत असतां शत्रूच्या जेट विमानानें पाडलें. आलिझे हें पंख्याच्या इंजिनाचें संथ विमान. त्याला जेटपुढें पळतांही येत नाहीं व लढतांही येत नाहीं. त्यांतील तिघेही परत आले नाहींत. एकाच नौदलाचे, एकाच शाळेंत शिकलेले वैमानिक. कांहींच्या वांट्यास पदक आलें, कांहींच्या वांट्यास समुद्र आला. शौर्याचें माप कोण घेणार?

नौदलाचा आणखी एक वैमानिक त्या युद्धांत नौकेपासून दूर लढत होता. लेफ्टनंट अरुण प्रकाश यांस वायुदलाच्या २० व्या स्क्वॉड्रनमध्यें पाठविण्यांत आलें होतें. पश्चिम आघाडीवर हंटर विमान चालवून त्यांनीं वीरचक्र मिळविलें. डिसेंबर १९८३ मध्यें सी-हॅरियर विमानें गोव्यास आलीं तेव्हां ‘श्वेत व्याघ्र’ पथकाचे प्रमुख तेच होते, आणि २००४ मध्यें ते नौदलप्रमुख झाले. ‘विक्रांत’वर प्रथम उतरलेले ताहिलियानी यांनीं त्यापूर्वींच, म्हणजे १ डिसेंबर १९८४ रोजीं, तें पद स्वीकारलें होतें. नौदलप्रमुख झालेले ते पहिले नौवैमानिक होत.

डेकखालचे लोक

आतां त्या अनाम हातांकडे वळूं. आठ विमानें आकाशांत गेलीं म्हणजे आठ माणसें आकाशांत गेलीं. नौकेवर राहिलेल्या हजाराहून अधिक माणसांनीं त्या वेळीं काय केलें?

कोणी विमानांत इंधन भरलें, कोणी तोफांच्या माळा भरल्या, कोणी बाँब चढविले. रंगीबेरंगी सदरे घातलेले डेकवरचे लोक जेटच्या कान फोडणाऱ्या आवाजांत केवळ हातांच्या खुणांनीं कामें करीत होते. कोणी विमान कॅटापुल्टवर जोडलें, कोणी तारा तपासल्या. नौकेच्या पोटांत स्वयंपाक्यांनीं अन्न शिजविलें. आणि सर्वांत खालीं, जेथें सूर्यप्रकाश कधींच पोहोंचत नाहीं, तेथें कांहीं माणसें पोलादी वेढे घातलेल्या बॉयलरांसमोर, त्या खिडक्यांस डोळे लावून उभीं होतीं. वाफेचा बारीकसा सुस्काराही त्यांस ओळखावयाचा होता. तडे गेलेल्या त्या टाक्यांतील दाब फार वाढला तर त्यांचे प्राण धोक्यांत. फार घटला तर वर कॅटापुल्टवर बसलेल्या वैमानिकाचे प्राण धोक्यांत. त्या दोहोंच्या मधला मार्ग त्यांनीं रात्रंदिवस संभाळला. त्यांनीं चितगाव पाहिलें नाहीं, कॉक्स बाजार पाहिला नाहीं. कित्येकांनीं तर विमान उडतांनाही पाहिलें नाहीं. पण कॅटापुल्टनें विमान फेंकलें, त्या प्रत्येक वेळीं तें त्यांच्याच हातांच्या जोरावर फेंकलें गेलें.

हें काम कोंकणी मनुष्याला अपरिचित नाहीं. नौदलाच्या खालच्या डेकवर आणि आगबोटींच्या भट्टीपाशीं आमच्या किनाऱ्याच्या लोकांनीं किती पिढ्या घालविल्या, याची गणती कोणीं ठेवली नाहीं. सुट्टीवर आलेला असा मनुष्य आपल्या कामाविषयीं फारसें बोलत नाहीं. लोक विचारतात, “बोटीवर काय करतोस?” तो सांगतो, “नोकरी आहे.” एवढ्यावर संभाषण संपतें. मला वाटतें, त्या दोन शब्दांत दडलेला इतिहास आपण त्याच्याकडून विचारून घेतला पाहिजे. महावीरचक्र एका छातीवर लागतें, कारण पदक लावण्यास एकच छाती लागते. परंतु तें मिळविण्यास पुष्कळ हात लागतात, आणि ही गोष्ट उत्तम सेनापति कधीं विसरत नाहीं.

पुढील वृत्तांत

सी-हॉक विमानें १९८३ च्या सुमारास निवृत्त झालीं. त्यांच्या जागीं आलेलीं सी-हॅरियर विमानेंही २०१६ मध्यें निवृत्त झालीं. ‘विक्रांत’नें ३१ जानेवारी १९९७ रोजीं नौदलाचा निरोप घेतला. कांहीं वर्षें ती मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. पुष्कळ शाळकरी मुलांनीं तिच्या डेकवर पाय ठेवला असेल. २०१४ मध्यें ती मोडण्यांत आली. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें तेंच नांव धारण करणारी, आपल्याच देशांत बांधलेली नवी नौका दाखल झाली. जुन्या सी-हॉक विमानांपैकीं एक गोव्यांत दाभोळीजवळील नौदलाच्या विमान-संग्रहालयांत ठेवलेलें आहे. गोव्यास जाणाऱ्या आपल्या तरुणांनीं तें अवश्य पाहावें. तें विमान पाहतां त्याचा लहानपणाच प्रथम मनांत भरेल : एक आसन, एक इंजिन, आणि शेपटीखालीं एक आंकडा.

४ डिसेंबर हा दिवस कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणार्थ नौदल दिन म्हणून पाळतात; कॉक्स बाजारचा हल्लाही त्याच तारखेचा. २०२३ सालीं हा दिवस मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या सान्निध्यांत साजरा झाला. तो मुलूख १९८१ पर्यंत आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यांत होता. शिवछत्रपतींनीं जेथें सागरी दुर्ग बांधला, तेथेंच विमानवाहू नौकेच्या वारसांनीं वंदन करावें, हें योग्यच झालें.

वाचकहो, ज्युबिलीच्या या वर्षीं आपण ज्यांचीं नांवें शिलालेखांवर कोरलेलीं आहेत त्यांचें स्मरण करूंच. त्याबरोबर ज्यांचीं नांवें कोठेंच कोरलेलीं नाहींत, त्यांचेंही करावें. आपल्या धर्मग्रामांत नौदलांतून अथवा आगबोटींवरून निवृत्त झालेला जो कोणी वृद्ध असेल, त्याच्या घरीं या महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या मुलांस पाठवावें. त्यांनीं त्यास विचारावें कीं, “आजोबा, तुम्ही बोटीवर काय करीत होता?” आणि “नोकरी” एवढ्या उत्तरावर त्यांनीं उठून येऊं नये.